क्रिटिकल पाथची कुळकथा

प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये करिअर करायचं ठरवून अभ्यासाला बसलेल्या प्रत्येकाची ‘क्रिटिकल पाथ’शी लवकरच गाठ पडते. व्याख्या दोन ओळींची, परीक्षेपुरती पाठही होते. पण ही पद्धत कुणाला, कुठे आणि कोणत्या अडचणीतून सुचली हे कळलं, की या पेशाचा गाभा हाती लागतो. शंभर कामं एकाच वेळी सुरू असताना त्यातलं कोणतं काम आज थांबता कामा नये, हे ओळखणं हा तो गाभा.

या कुळाचे पूर्वज कारखान्यांत सापडतात. पोलिश अभियंता कारोल अदामिएत्स्की यानं 1896च्या सुमारास पोलाद लाटण्याच्या कारखान्यांतली कामं जुळवण्यासाठी सरकत्या कागदी पट्ट्यांचा तक्ता तयार केला. कोणतं काम कोणत्या कामानंतर, हे त्या पट्ट्यांवर लिहिलेलं असे. मात्र त्याचं लेखन पोलिश आणि रशियन भाषेत असल्यानं पश्चिमेकडे ते फारसं पोचलं नाही. पुढे अमेरिकेत हेन्री गँट याचे आडव्या रेघांचे तक्ते पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या आणि जहाजबांधणीच्या कामांवर वापरले गेले. ठरलं किती आणि झालं किती, हे त्यात एका नजरेत दिसे. 1919मध्ये गँट वारला आणि 1922मध्ये वॉलेस क्लार्कच्या पुस्तकानं त्याचं नाव या तक्त्याला कायमचं चिकटवलं.

गँटचा तक्ता सोपा होता, म्हणून टिकला. एक गोष्ट मात्र त्यात दिसत नव्हती. एक रेघ लांबली तर बाकीच्या कोणत्या रेघा तिच्याबरोबर ओढल्या जाणार? कामं वीस-पंचवीस असली तर अनुभवी फोरमन हे डोक्यात ठेवू शकतो. हजारभर असली, तर कुणालाच ते जमत नाही.

डू पाँ या रसायन कंपनीपुढे 1956मध्ये नेमकी हीच अडचण होती. नवे कारखाने उभारायचे, जुने दुरुस्तीसाठी बंद करून पुन्हा चालू करायचे, हे तिचं रोजचं काम. कंपनीकडे युनिव्हॅक संगणक होता. त्याच्याकडून कामांचं वेळापत्रक करून घेता येईल का, याचा शोध कंपनीतले मॉर्गन वॉकर घेत होते. संगणक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडमधले गणिती जेम्स केली त्यांना येऊन मिळाले. दोघांनी कामं बाणांच्या जाळ्यात मांडली. प्रत्येक कामाचे दोन हिशेब ठेवले: नेहमीच्या गतीनं केलं तर किती वेळ आणि खर्च, घाईनं केलं तर किती. सगळा प्रकल्प कमीत कमी जादा खर्चात लवकर कसा संपेल, हे संगणकानं सांगायचं होतं.

पद्धत कशी चालते ते एका छोट्या उदाहरणात पाहू. समजा, एक रिअॅक्टर दुरुस्तीसाठी बंद करायचा आहे. थंड व्हायला 10 तास, उघडायला 4, साफसफाईला 12, तपासणीला 6 आणि पुन्हा बंद करायला 5. एकूण 37 तास. थंड झाल्यावर दुसरी टोळी पंपाला हात घालू शकते. पंप उतरवायला 3, बेअरिंग बदलायला 8, बसवायला 4. म्हणजे पंपाचं काम 25व्या तासाला संपतं. त्याच्याकडे 12 तासांची सवड आहे. प्लॅनिंगवाले तिला फ्लोट म्हणतात. पंपावर आणखी दहा फिटर लावले तरी कारखाना एक मिनिटही आधी सुरू होणार नाही. साफसफाईवर माणसं वाढवून 12चे 8 तास केले, तर सगळं काम 33 तासांत आटपतं. सर्वांत लांब साखळी हीच क्रिटिकल पाथ. ती कायम एका जागी राहत नाही, हेही लक्षात ठेवायचं. मूळच्या हिशेबात बेअरिंग स्टोअरमध्ये सापडलं नाही आणि 14 तास उशिरा आलं, तर पंप 39व्या तासाला संपेल. मग साहेबांनी साफसफाईवर उभं राहण्यात अर्थ नाही, बेअरिंगच्या मागे लागलं पाहिजे.

डू पाँच्या केंटकीतल्या लुइव्हिल इथल्या कारखान्यात दुरुस्तीच्या बंद काळासाठी ही पद्धत वापरली गेली आणि बंद राहण्याचे तास खरोखर घटले. केली आणि वॉकर यांनी 1959मध्ये बॉस्टनच्या संगणक परिषदेत आपला निबंध मांडला.

जवळपास त्याच वेळी अमेरिकी नौदलात याच पद्धतीचं भावंड जन्मलं. पाणबुडीतून सोडायच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी अॅडमिरल विल्यम रेबॉर्न यांच्या हाताखाली वेगळी कचेरी होती. क्षेपणास्त्र, पाणबुडी, दिशादर्शन यांतला प्रत्येक स्वतःच एक मोठा प्रकल्प. सगळे मिळून एकच उद्दिष्ट गाठायचं, म्हणून हा प्रोग्राम. त्यातली बरीच कामं जगात आधी कुणी केलेलीच नव्हती. ‘किती दिवस लागतील’ याला एकच आकडा कोण देणार? म्हणून 1958मध्ये आलेल्या पर्ट पद्धतीत तीन अंदाज विचारले जात: सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि सगळं बिघडलं तर. मधल्या अंदाजाला चौपट वजन देऊन तिन्हींच्या बेरजेला सहानं भागायचं. 20 जुलै 1960 रोजी जॉर्ज वॉशिंग्टन पाणबुडीनं पाण्याखालून पोलारिस सोडलं आणि पर्टचा गाजावाजा झाला. पुढे हार्वी सापोल्स्की या अभ्यासकानं दाखवून दिलं, की त्या यशात पर्टचा वाटा सांगितला गेला तेवढा नव्हता. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. तक्ता काम करत नाही, माणसं करतात. तक्ता त्यांना कुठे बघायचं ते दाखवतो.

यातूनच पेशा उभा राहिला. केली रेमिंग्टन रँड सोडून संगणक-प्रवर्तक जॉन मॉकली यांच्या कंपनीत गेले आणि ही पद्धत इतरांना शिकवू लागले. 1969मध्ये अमेरिकेत प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट स्थापन झाली, 1984पासून तिची पीएमपी या प्रमाणपत्राची परीक्षा सुरू झाली. परीक्षेला बसण्याआधीच प्रकल्प चालवल्याचा अनुभव मागतात, आणि तेच योग्य आहे.

आज जाळं आखायला, पुढून-मागून हिशेब करायला सॉफ्टवेअर आहे. क्षणात क्रिटिकल पाथ लाल रंगात समोर येतो. पण बेअरिंग बदलायला 8 तास लागतात हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं, ते फिटरला ठाऊक असतं. त्याला विचारायला साइटवर जावं लागतं. ‘दोन दिवस जादा लागतील’ हे तो न घाबरता सांगेल, इतका विश्वास कमवावा लागतो. दबावाखाली दिलेला खोटा आकडा जाळ्यात शिरला, की त्यातून निघणारं प्रत्येक उत्तर खोटं. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यानं प्रमाणपत्र जरूर घ्यावं. त्याआधी एखाद्या चालू कामावर राहून, प्रत्येक टोळीला वेळ विचारून, छोटं का होईना एक जाळं हातानं काढावं आणि रोज संध्याकाळी ते प्रत्यक्षाशी ताडून पाहावं. अंदाज कुठे चुकला आणि त्यामुळे लांब साखळी कुठे सरकली, हे ज्याला त्याच संध्याकाळी कळतं, त्याच्या हाती प्रकल्प निर्धास्तपणे सोपवावा.