तळटीप : देऊळघाट हे उपनगर नव्हे

१. मूळ मजकुरात देऊळघाटला ‘बुलढाण्याचे उपनगर’ म्हटले आहे; ते मान्य करणे कठीण आहे. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढे थंड हवेमुळे जिल्ह्याची कचेरी घाटावर बुलढाण्याला आली, तर रेल्वे आणि कापसाचा व्यापार घाटाखाली मलकापूर-खामगावला राहिला. म्हणजे बुलढाणा वाढले ते कचेरी, कोर्ट आणि शाळांवर. पैनगंगेकाठचे देऊळघाट मात्र शिवारावर जगणारे गाव. अशा गावाचा खरा व्यवहार कागदोपत्री दिसत नाही. पेरणीआधी वखराची पास लोहाराकडून शेवटून, म्हणजे धार लावून, घ्यायची, पैसे सोयाबीन निघाल्यावर द्यायचे, आणि भाता चालू असताना तिथेच मुलीच्या स्थळाची चौकशी करायची: हा व्यवहार ओळखीवर चालतो, आणि ती ओळख हिंदू-मुसलमान शेजारातून पिढ्यान्‌पिढ्या आलेली असते.

आता मोटारसायकलीवर बुलढाणा काही मिनिटांत गाठता येते, मग गावाचे वेगळेपण उरले कुठे, असा आक्षेप येईल. दवाखाना, कॉलेज आणि कोर्टापुरता तो खराच आहे. पण बुलढाण्याला जाणारा माणूस तिथे अर्जदार असतो. गावात तो अमक्याचा मुलगा, तमक्याचा शेजारी असतो. उधारी, सोयरीक आणि मयतीला खांदा या गोष्टी अजून याच नात्यावर उभ्या आहेत. केवळ अंतर मोजून अशा गावाला शहराच्या पदरी बांधणे मला अन्यायाचे वाटते. — संपादक