कालियामर्दन (१९१९) : छापील चित्र आणि फाळके यांचा चित्रपट

दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीसाठी काढलेला मूकपट. कृष्णाची भूमिका त्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी हिने केली. भागवताच्या दशम स्कंधातील ही कथा, म्हणजे अचाट सामर्थ्याचे मूल आणि यमुनेचे पाणी विषारी करणारा नाग, पडद्यावर येण्याआधीच छापील रंगीत चित्रांतून घराघरांत पोचली होती. अमानवी शक्तीचा नायक चित्रातून चित्रपटात जाताना काय घडते, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रात याहून जुने आणि बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. असे रूपांतर मूळ चित्रासारखे किती दिसते यावर त्याची परीक्षा नेहमी केली जाते. ही कसोटी अपुरी आहे. चित्रात नसलेला काळ चित्रपट कशाने भरतो, हे पाहिल्याशिवाय रूपांतराचे मोल ठरत नाही.

छापील चित्रात पराक्रम घडून गेलेला असतो. कृष्ण फण्यावर उभा आहे, एक पाय उचललेला आहे, शेपूट हातात आहे, नाग नमलेला आहे. हरण्याची शक्यता त्या कागदावर कुठेच नाही. सामर्थ्य हा इथे देवाचा अलंकार आहे, मोरपिसासारखा. पाहणाऱ्याने कितीही वेळ पाहावे; चित्र त्याला घाई करत नाही आणि ताटकळतही ठेवत नाही. ही भाषा फाळके आतून जाणत होते. जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकल्यावर त्यांनी रविवर्मा छापखान्यासाठी शिळाछपाईचे काम केले, पुढे स्वतःचा छापखाना चालवला, आणि रंगीत छपाईची यंत्रे मिळवण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले. प्रत्येक रंगाचा वेगळा दगड आणि त्या साऱ्यांतून उमटणारे एक चित्र, हे तंत्र हाताखालून गेलेला माणूस कॅमेऱ्यामागे उभा राहिला, तेव्हा तयार चित्र हलते करून दाखवणे त्याला सर्वांत सोपे होते.

त्यांनी तसे केले नाही, हे कालियामर्दनच्या उपलब्ध भागात स्पष्ट दिसते. सुरुवातीला पडद्यावर देव येतच नाही. येते ती मंदाकिनी, साध्या वेशात, चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक बदलत. मग त्याच चेहऱ्यावर कृष्णाचे रूप चढते. आजच्या महानायकांच्या कथांत वेशामागचा माणूस कोण हे रहस्य जपलेले असते. फाळके ते आधीच उघड करतात, आणि तरीही प्रेक्षकाची श्रद्धा ढळणार नाही याची त्यांना खात्री आहे. पुढे गोकुळातल्या खोड्या येतात आणि शेवटाकडे डोहाचा प्रसंग. मूल पाण्यात उडी घेते आणि दिसेनासे होते. पाण्याखालची झुंज दाखवताना फाळके ती सलग ठेवत नाहीत; मध्ये मध्ये काठावर जमलेले गोकुळ दाखवतात, घाबरलेले, आक्रोश करणारे. छापील चित्रातला निकाल इथे लांबणीवर पडतो. काठावरच्या माणसांना तो ठाऊक नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहताना तो ठाऊक असलेला प्रेक्षकही क्षणभर त्यांच्या बाजूला जातो. कृष्ण फण्यावर उभा राहून वर येतो तेव्हा ती मुद्रा छापील चित्रातलीच असते, पण आता ती वाट पाहून मिळालेली असते. सामर्थ्य अलंकार राहत नाही, घटना होते. माझ्या मते हा मराठी माणसाने चित्रपटाच्या माध्यमात लावलेला पहिला मोठा शोध आहे.

यावर पहिला आक्षेप असा की अशी तुलना चित्रकथा आणि तिच्यावरचा चित्रपट यांची होते, आणि सुटे छापील चित्र म्हणजे चित्रकथा नव्हे. त्यात चौकटींची मालिका नाही, म्हणून तुलनाच गैरलागू ठरते. घराघरांत वाचली जाणारी छापील चित्रकथा उशिरा आली हे खरे. ‘अमर चित्र कथा’ मालिका १९६७ मध्ये सुरू झाली. पण चित्रांच्या मालिकेतून कथा सांगण्याची रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एका आख्यानाच्या चित्रांची पोथी उघडून एकेक चित्र समोर धरत आणि गात कथा पुढे नेत. तिथे पान केव्हा उलटायचे हे कथेकऱ्याच्या हाती होते. भिंतीवर टांगलेल्या छापील चित्रात तो अधिकार पाहणाऱ्याकडे गेला, आणि पडद्यावर तो पुन्हा सांगणाऱ्याकडे आला. काळ कोणाच्या हाती, हा प्रश्न तिन्ही रूपांना समान आहे आणि तुलना त्यावरच उभी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फाळके यांची रचना समोरासमोरची, बरीचशी स्थिर. पात्रे प्रेक्षकाकडे तोंड करून उभी राहतात, आणि लोक तर दर्शनालाच येत. ‘लंकादहन’ (१९१७) पाहताना राम पडद्यावर येताच प्रेक्षक पादत्राणे काढत, असे सांगितले जाते. मग हा चित्रपट म्हणजे छापील चित्राचाच विस्तार नव्हे काय? प्रत्येक दृश्य सुटे पाहिले तर हे मान्य करावे लागेल. पण दृश्यांची गुंफण पाहिली की चित्र वेगळे दिसते. समोरासमोरची मांडणी फाळके यांनी टाकली नाही. ती शेवटासाठी राखली आणि तिच्या आधी भीती ठेवली. दर्शनाला आलेल्या माणसाला त्यांनी आधी काठावर उभे केले. उपलब्ध प्रत अपुरी असल्याने संपूर्ण चित्रपटाच्या लयीबद्दल निर्णायक विधान करता येत नाही, मात्र डोहाच्या प्रसंगाची ही जुळणी तिच्यात शाबूत आहे.

याच कसोटीवर अलीकडचे एक प्रसिद्ध उदाहरण तपासता येते. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची ‘वॉचमेन’ ही चित्रकादंबरी १९८६–८७ मध्ये बारा अंकांत आली. झॅक स्नायडर यांचा चित्रपट २००९ मध्ये. चित्रपटात अनेक चौकटी जवळजवळ जशाच्या तशा उतरल्या आहेत. वाद झाला तो बदललेल्या शेवटावर, म्हणजे महाकाय स्क्विडसदृश जीव गाळल्यावर. पण खरी हानी दुसरीकडे आहे. मंगळावरच्या प्रकरणात डॉक्टर मॅनहॅटन या अतिमानवी पात्राला भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच वेळी दिसते, आणि नऊ चौकटींच्या पानावर वाचकालाही ते तिन्ही एकदम दिसतात. डोळा मागे-पुढे जाऊ शकतो. चित्रपटात तोच मजकूर निवेदनासह एकामागून एक सरकतो. मारामारीची गती मंद करून दिग्दर्शक चौकट गोठवू पाहतो, पण गोठलेल्या क्षणाची वाट पाहणारे कोणी नाही. स्नायडर यांनी चित्र जपले. फाळके यांनी चित्राच्या आधीचा वेळ निर्माण केला, तोही नाशिकमध्ये, मूकपटाच्या साधनांनी आणि घरातल्या मुलीला घेऊन.