सहा फुटांची फळी आणि अमेरिकन शंटिंग

ग्वाल्हेरकरांपुढे छोट्या रेल्वेचा विषय काढला की पहिली आठवण निघते ती जयविलास महालातल्या जेवणाच्या मेजावरच्या चांदीच्या गाडीची. बाटल्या घेऊन ती पाहुण्यांपुढून फिरते, कुणी बाटली उचलली की थांबते, परत ठेवली की चालू लागते. शिंदे हे नाव इंग्रजीत सात अक्षरांचं, तेवढेच तिचे डबे. गाडी देखणी आहे, वाद नाही. पण ती करते काय? मेजाला फेरी मारते. तिला डबा सोडायचा नसतो, जोडायचा नसतो, मागे यायचं नसतं. जगातल्या बहुतेक मॉडेल रेल्वे अशाच असतात, आणि पाव तासात त्यांचा कंटाळा येतो.

मी गेल्या दीड वर्षात जी मांडणी केली ती याच्या अगदी उलट आहे. सहा फूट लांब, एक फूट रुंद अशी एक प्लायवूडची फळी, पुस्तकांच्या कपाटाच्या वर बसवलेली. तिच्यावर गाडी कुठेच जात नाही. एक इंजिन, आठ वाघिणी, दोन सांधे, तीन साइडिंग. सगळं काम पुढे-मागे करण्याचं. आपल्याकडे याला शंटिंग म्हणतात. अमेरिकेत स्विचिंग, कारण सांध्याला ते 'स्विच' म्हणतात. माझी फळी अमेरिकन आहे. मंडळातल्या काही जणांनी विचारलं की ग्वाल्हेरात बसून अमेरिका कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून हा लेख.

पहिलं कारण मोजमापाचं. एचओ हे प्रमाण १:८७ चं. त्यातला १६.५ मिलिमीटरचा रूळ हा ४ फूट साडेआठ इंचाच्या गेजसाठी आहे, म्हणजे अमेरिका आणि युरोपचा. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, ते याच प्रमाणात १९ मिलिमीटरच्या थोडं वर जातं. तसा रूळ बाजारात तयार मिळत नाही, सगळं हातानं करावं लागतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शंटिंग म्हणजे काय, ते करणारे लोक कोण, त्यांना त्याची काय किंमत द्यावी लागली, हा इतिहास अमेरिकेत नीट लिहिलेला सापडतो, आणि तो हातांच्या बोटांचा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकात तिथल्या वाघिणी 'कडी आणि खिळा' पद्धतीनं जोडत. एका वाघिणीच्या तोंडात लोखंडी कडी, समोरून दुसरी वाघीण येते आहे. ब्रेकमननं दोहोंच्या मधे उभं राहायचं, कडी हातानं धरून समोरच्या खाचेत घालायची आणि वरून खिळा टाकायचा. वाघीण येतच असते. क्षणभर उशीर झाला की बोट गेलं, पाय घसरला की जीव गेला. बोटं शाबूत असलेला ब्रेकमन म्हणजे नवशिका, असं त्या काळी म्हणत.

ईलाय जॅनी हा व्हर्जिनियातला माणूस, यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यात होता आणि युद्धानंतर अलेक्झांड्रियात कापडाच्या दुकानात कारकून होता. शिक्षणानं इंजिनियर नव्हे. त्यानं चाकूनं लाकूड तासून एक छोटा नमुना केला: दोन हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवली तर जशी पकड बसते तशी. वाघिणी एकमेकींवर आल्या की आपोआप जोडल्या जातात, सोडवायला बाजूनं दांडा ओढायचा, मधे शिरायचं कामच नाही. १८७३ साली त्याला पेटंट मिळालं. म्हणजे आज जगभर ज्या घराण्याची कप्लिंगं चालतात त्याची सुरुवात एका हौशी माणसाच्या लाकडी मॉडेलपासून झाली. मॉडेल करणं हा पोरखेळ आहे असं म्हणणाऱ्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

पेटंट मिळालं म्हणून रेल्वे कंपन्यांनी ते लगेच बसवलं असं मात्र नाही. खर्च होता, आणि माणूस स्वस्त होता. आयोवातला एक शेतकरी, लोरेंझो कॉफिन, यानं १८७४ साली एका ब्रेकमनची उरलेली दोन बोटं डोळ्यांदेखत चिरडताना पाहिली आणि मग पुढची जवळजवळ वीस वर्षं तो या एका गोष्टीच्या मागे लागला. पत्रं लिहिली, सभांत उभा राहिला, राज्याचा रेल्वे कमिशनर झाला. लोक त्याला वेडा म्हणत. अखेर २ मार्च १८९३ ला राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी सेफ्टी अप्लायन्स अ‍ॅक्टवर सही केली: आपोआप जोडणारं कप्लिंग आणि हवेचा ब्रेक सक्तीचा. कंपन्यांनी मुदतवाढ घेत घेत १९०० साल गाठलं. जॅनीचं पेटंट आणि त्याची सक्ती यांत सत्तावीस वर्षं गेली. तंत्र तयार होतं तेव्हाच प्रश्न सुटतो, असं आम्हा इंजिनियर लोकांना वाटतं. ते तसं नसतं.

आता फळीकडे. माझ्या वाघिणींना केडी कंपनीची कप्लिंगं आहेत. कीथ आणि डेल एडवर्ड्स हे जुळे भाऊ, त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून हे नाव. जॅनीचीच पकड, पण नखाएवढी. खाली लोंबणारी एक बारीक पोलादी तार असते, लांबून ती ब्रेकच्या हवेच्या नळीसारखी दिसते. रुळांमधे लोहचुंबक बसवला की तो ही तार बाजूला ओढतो, पकड उघडते, आणि मग इंजिननं वाघीण हवी तिथवर ढकलून सोडून द्यायची. वरून हात लावायला नको. १८९३ च्या कायद्यानं जे ब्रेकमनला दिलं तेच.

रुळांची आखणी माझी नाही. इंग्लंडच्या अ‍ॅलन राइट यांची 'इंगलनुक' नावाची ही जुनी आखणी आहे. एका साइडिंगमधे पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन, आणि पुढच्या आखूड रुळावर इंजिन अधिक तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या पाच निवडायच्या आणि चिठ्ठीच्या क्रमानंच लावून गाडी तयार करायची. करायला घ्या म्हणजे कळेल. आठातून पाच, क्रमासकट, म्हणजे ८×७×६×५×४, एकूण ६,७२० प्रकार. रोज एक सोडवला तरी अठरा वर्षं पुरेल.

अमेरिकेतलं याचं भावंडं म्हणजे जॉन अ‍ॅलन यांचं 'टाइमसेव्हर'. कॅलिफोर्नियातल्या माँटरे इथल्या घरात अ‍ॅलन यांनी 'गोरी अँड डॅफेटिड' नावाची डोंगरदऱ्यांची प्रचंड मॉडेल रेल्वे केली होती. टाइमसेव्हर हे मात्र फळीएवढंच, घड्याळ लावून खेळायचं. १९७२ च्या नोव्हेंबरात 'मॉडेल रेलरोडर' मासिकात ते छापून आलं. १९७३ च्या जानेवारीत अ‍ॅलन वारले, आणि त्यानंतर दहाच दिवसांत घराला आग लागून ती मोठी रेल्वे जवळजवळ सगळी जळाली. टिकून राहिलं ते फळीएवढं कोडं, कारण ते कागदावर उतरलेलं होतं आणि कुणालाही परत करता येत होतं. खऱ्या रेल्वेवाल्यांना टाइमसेव्हर फारसं रुचत नाही. ते म्हणतात, इतकी वाईट आखणी आम्ही कधी करणार नाही. बरोबर आहे, ते यार्ड नाहीच, बुद्धिबळ आहे. मला त्यापेक्षा इंगलनुक प्रामाणिक वाटतं.

माझ्या फळीला मी जागा दिली आहे ती न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली. तिथे हार्लेम नदीच्या काठी सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीचं एक चिमुकलं मालयार्ड होतं. गंमत अशी, की त्या यार्डाला बाकी कंपनीचा रूळ येऊन मिळतच नव्हता. वाघिणी न्यू जर्सीच्या काठावरून तराफ्यावर चढवायच्या, टगबोटीनं पाण्यावरून ओढत आणायच्या आणि ब्राँक्सला उतरवायच्या. मधला मालधक्का गोल बांधलेला, त्याच्याभोवती रूळ अशा तीव्र वळणानं फिरवलेले की नकाशा पाहून माझ्यासारख्याला घाम फुटावा. जागा महाग, म्हणून हे सगळं. १९२३ च्या कॉफमन कायद्यानं शहरात वाफेच्या इंजिनांवर बंदी येऊ घातली, तेव्हा कंपनीनं १९२५ मधे या यार्डासाठी ३०० अश्वशक्तीचं डिझेल-इलेक्ट्रिक शंटर घेतलं, क्रमांक १०००. व्यापारी उपयोगात टिकलेलं हे पहिलं डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन मानतात. १९५७ पर्यंत ते काम करत होतं, आज बॉल्टिमोरच्या संग्रहालयात आहे. डिझेलचा इतिहास मेलगाडीपासून सुरू झालेला नाही, एका कोंडलेल्या यार्डातल्या शंटिंगपासून झाला आहे.

माझी भाची जर्सी सिटीत राहते. ज्या काठावरून ते तराफे सुटत तिथलं या कंपनीचं जुनं टर्मिनल बघून ये म्हटलं, तर तिनं फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "मामा, इथे आता बाग आहे. लोक सेल्फी काढतात." टर्मिनलची इमारत जपली आहे, हे तरी बरं.

गोल मालधक्का सहा फुटांत बसत नाही, म्हणून तो मी घेतला नाही. डाव्या टोकाला तराफ्याकडे उतरणारा पूल, मागे विटांची गोदामं, एवढंच. इंजिन जनरल इलेक्ट्रिकचं ४४ टनी, मॉडेलमधे साधारण बारा सेंटिमीटर. हे '४४' कुठून आलं तेही सांगतो. १९३७ च्या करारानुसार ९०,००० पौंडांपेक्षा जड इंजिनावर चालकाबरोबर फायरमन ठेवणं बंधनकारक झालं. त्यांचे ४४ टन म्हणजे ८८,००० पौंड. मर्यादेच्या जरा खाली! इंजिनाचं वजन माणसाच्या पगारानं ठरलं.

वजनावरून आठवलं. चाळीस फुटी वाघीण मॉडेलमधे साडेपाच इंच. तिचं वजन १०६ ग्रॅमच्या आसपास असावं अशी तिथल्या हौशी संघटनेची शिफारस आहे. मी उलटं गणित केलं. ८७ चा घन साधारण ६,५८,५००. भरलेली खरी वाघीण ७० टन धरली तर भागाकार येतो १०६ ग्रॅम. तंतोतंत! पण म्हणून ती खऱ्यासारखी धावत नाही. वजन घनानं घटतं, घर्षण तेवढं घटत नाही. खरी वाघीण हलकासा धक्का दिला तर यार्डभर घरंगळत जाते, माझी टिचभर जाऊन थांबते. त्यामुळे 'फ्लाइंग स्विच' या फळीवर होऊच शकत नाही. त्यात इंजिन वाघिणीला ओढत आणतं, चालत्या गाडीत कप्लिंग सोडतात, इंजिन पळत सांध्याच्या पुढे निघून जातं, त्याच्या मागे लगेच सांधा फिरवतात आणि वाघीण आपसूक दुसऱ्या रुळावर जाते. बऱ्याच कंपन्यांनी ही युक्ती धोक्याची म्हणून बंद केली. माझ्याकडे ती पदार्थविज्ञानानं बंद केली आहे.

ग्वाल्हेरातल्या दोन अडचणी अमेरिकन पुस्तकांत नव्हत्या. आपल्याकडे हिवाळ्यात पारा पाचावर आणि मे महिन्यात पंचेचाळीसवर. सहा फुटांचा रूळ तेवढ्यात सव्वा मिलिमीटर वाढतो, तेव्हा जोडांत फटी ठेवाव्याच लागतात, खऱ्या रुळांसारख्याच. दुसरी अडचण आँधीची. अर्ध्या तासात रुळांवर धुळीचा थर बसतो आणि बारा व्होल्टचा प्रवाह चाकांपर्यंत पोचत नाही. वरून जुनं धोतर घालून झाकतो. त्याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

हे सगळं मंडळापुढे मांडण्याचं खरं कारण वेगळं आहे. आपल्या ग्वाल्हेर-श्योपूर नॅरोगेजवर २०२० पासून गाडी नाही. दोनशेच्या आसपास किलोमीटरचा, दोन फुटी गेजचा मार्ग. रुंदीकरणात तो नाहीसा होतो आहे. त्याचं मॉडेल करावं असं मंडळात ठरतंय आणि प्रस्ताव आहे काचेच्या पेटीतल्या देखाव्याचा: स्टेशन, इंजिन, छपरावर बसलेले प्रवासी. माझं त्याला विरोधाचं मत आहे आणि ते इथे लेखी नोंदवतो. फोटो हजार आहेत, छपरावरच्या माणसांचे तर फारच. यार्डात काम कसं चालायचं, इंजिन गाडीच्या पुढून मागे कसं घ्यायचे, कोणती वाघीण आधी काढायची हे कुण्या ठरवलं, याचा फोटो नाही. ते आहे काही साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या डोक्यात. चालतं यार्ड करा, ९ मिलिमीटरच्या रुळावर १:७६ प्रमाणात ते जवळपास बरोबर बसतं, आणि त्या लोकांना त्याच्यापुढे बसवा. प्रश्न विचारून जे निघत नाही ते चूक दाखवताना निघतं.

याचा थोडा अनुभव मला आला आहे. गेल्या दिवाळीनंतर नॅरोगेजवर नोकरी केलेले एक गृहस्थ फळी पाहायला आले. चिठ्ठ्यांचं कोडं त्यांनी माझ्याहून कमी चालींत सोडवलं, तेही इंग्रजी क्रमांक न वाचता, रंगावरून. मग बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "साहब, आदमी कहाँ खड़ा है?" सांधा कोण फिरवतो, झेंडी कोण दाखवतो, चालकाला तो कुठून दिसतो? चालक उजवीकडे बसत असेल तर गोदामाच्या भिंतीआड झेंडीवाला दिसणारच नाही, मग तीन नंबरच्या साइडिंगला गाडी ढकलता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्ही दोघांनी पट्टी घेऊन नजरेची रेष आखून पाहिली. माणूस उभा राहू शकेल अशा जागा निघाल्या चार. त्यातली एक, पुलाच्या तोंडाशी, त्यांनी खोडली: "यहाँ खड़ा रहेगा तो मरेगा."

उरलेल्या तीन जागांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. १:८७ मधे माणूस वीस मिलिमीटरचा होतो. तीन माणसं मी मेणाची करून रंगवली आहेत, झेंडी सिगारेटच्या चांदीच्या कागदाची. पुढच्या बैठकीला फळी घेऊन येतो. ते गृहस्थही यायला तयार आहेत, फक्त त्यांना आणायला कुणी तरी हजिऱ्यापर्यंत गाडी घेऊन जावं लागेल.