नाव एक, रोग अनेक

द्राक्षाच्या पानावर भुरी पडली आहे की केवडा, हे पिंपळगाव बसवंतच्या बागायतदाराला कोणी शिकवावे लागत नाही. भुरीवर गंधक चालते, केवड्यावर बोर्डो मिश्रण. दोन्हींना नुसते ‘रोग पडला’ म्हणून एकच औषध फवारले, तर पैसाही जातो आणि घडही. माणसाच्या जठराच्या कर्करोगात असाच भेद ओळखण्यास वैद्यकशास्त्राला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली. तो इतिहास आपण थोडक्यात पाहू.

जानेवारी १८८१ मध्ये व्हिएन्ना येथे बिलरोथ या शल्यविशारदाने जठराचा कर्कग्रस्त भाग कापून काढला. रुग्ण स्त्री शस्त्रक्रियेतून वाचली, जेवू लागली. पण सुमारे चार महिन्यांत रोग उलटला आणि ती गेली. सुरी पोचत नाही तेथेही रोगाच्या पेशी दडलेल्या असतात, हा त्यातला धडा. तेथवर पोचणारे औषध रक्तातूनच जावे लागते. १९५७ साली फ्लुओरोयुरॅसिल हे असे औषध पुढे आले. मागाहून प्लॅटिनमयुक्त औषधे आली. पण ही औषधे वाढत्या पेशींना मारताना अस्थिमज्जा आणि आतड्याचे अस्तर यांनाही सोडत नाहीत. म्हणून ती कोणाला द्यावी, हा प्रश्न औषधाच्या शोधाइतकाच महत्त्वाचा ठरला.

आपल्याकडे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळेचे काम डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभे केले. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा, त्याबरोबरच रोग्याच्या सवयी व राहणी यांचाही विचार करायचा, ही त्यांची शिस्त. १९६५ साली फिनलंडच्या लॉरेन यांनी अशाच कापांवरून जठराच्या कर्करोगाचे दोन प्रकार सांगितले : एक आतड्याच्या पेशींसारखी रचना धरणारा, दुसरा विस्कळीत पसरणारा.

पण रूप दिसले म्हणजे स्वभाव कळला असे नव्हे. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचे सारे दप्तर असते. त्यातील कोणती पाने उघडी आहेत, यावर पेशीचे वागणे ठरते. हजारो जनुकांची ही उघडझाप एकदम मोजण्याची रीत १९९५ च्या सुमारास हाती आली. १९९९ साली तिच्या साहाय्याने रक्ताच्या कर्करोगाचे दोन प्रकार वेगळे ओळखून दाखविले गेले. २०११ साली सिंगापूरच्या संशोधकांनी जठर-कर्करोगाच्या ३७ पेशीवाणांची अशी मोजणी केली. एका गटावर फ्लुओरोयुरॅसिल व ऑक्झॅलिप्लॅटिन अधिक चालते, तर दुसऱ्यावर सिसप्लॅटिन, असे त्यांना दिसले. २०१८ साली कोरियातील संशोधकांनी जुन्या रुग्णांच्या जपून ठेवलेल्या गाठी तपासल्या. शस्त्रक्रियेनंतरच्या औषधाचा लाभ कोणाला होतो आणि कोणाला होत नाही, याचा अंदाज अवघ्या चार जनुकांवरून बांधता येतो, असे त्यांनी मांडले.

येथे आम्हांला सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. काचेच्या बशीतील पेशी म्हणजे माणूस नव्हे, आणि झालेल्या गोष्टीचा मागून लावलेला हिशेब म्हणजे पुढची खात्री नव्हे. म्हणून ही मोजणी जठराच्या कर्करोगात अजून रोजच्या उपचाराचा आधार झालेली नाही. आज उपयोगात आहेत त्या थोड्या, पण कसास उतरलेल्या तपासण्या. ‘हर-टू’ हे प्रथिन गाठीत विपुल असल्यास ट्रास्टुझुमॅब जोडावे, हे २०१० साली सिद्ध झाले. वाढलेल्या रोगात निम्मे रुग्ण जितका काळ जगले, तो त्यामुळे ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेला. आकडा लहान आहे. पण ज्या घरात तो मोजला जातो, तेथे पावणेतीन महिने लहान नसतात.

नाशिक जिल्ह्यातून परळला निघालेल्या कुटुंबाच्या पिशवीत काचा असतात आणि गाठीचा तुकडा बसविलेला मेणाचा ठोकळा असतो. तो ठोकळा जपावा, कारण रोगाची खरी ओळख त्यातच आहे. ‘औषध कोणते?’ या प्रश्नाआधी ‘रोग कोणत्या जातीचा?’ हे विचारण्याचा हक्क रोग्याला आहे. वेलीच्या बाबतीत आपण तो प्रश्न रोज विचारतो. माणसाच्या बाबतीतही तो विचारावा, एवढेच आमचे मागणे.