शस्त्रक्रियेपूर्वीचे भय

पंचगंगेच्या काठी वसलेल्या कुरुंदवाडहून मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेस जाण्याची वाट जुनी आहे. तेथे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले. शस्त्राखाली जाणाऱ्या रोग्याच्या भयाकडे त्या काळी बहुधा मनाचा दुबळेपणा म्हणूनच पाहिले जाई. परंतु भय मनातच राहत नाही, ते रक्तातही उतरते, हे विसाव्या शतकाने दाखविले.

१९०१ साली जोकिची ताकामिने यांनी अ‍ॅड्रेनलिन हे द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळविल्याचे जाहीर केले. भयाच्या क्षणी हेच द्रव्य छातीची धडधड वाढविते. त्याचा प्रभाव अडविणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध जेम्स ब्लॅक यांनी १९६४ च्या सुमारास पुढे आणिले, ते मुख्यतः हृदयरोग्यांसाठी.

पुढे २०१३ साली अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठाने प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. भयग्रस्त उंदरांत औषधाने मरावयाच्या कर्कपेशी तगून राहिल्या. अ‍ॅड्रेनलिनचा मार्ग अडविताच हा दुष्परिणाम टळला. माणसांतील पुरावा स्तनाच्या कर्करोगाचा आहे. ६० स्त्रियांच्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत, निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी ७ दिवस प्रोप्रॅनोलॉल दिले असता, रोगप्रसाराची काही चिन्हे घटल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले.

तथापि चिन्हे घटणे म्हणजे आयुष्य वाढणे नव्हे, हे श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे. दमेकऱ्यास हे औषध घातक ठरू शकते. वैद्याच्या सल्ल्यावाचून ते कोणीही घेऊ नये. मात्र रोग्याचे भय ही शस्त्रवैद्याने उपेक्षावी अशी क्षुल्लक बाब नव्हे, एवढा बोध या इतिहासातून खचित मिळतो.