दिनविशेष : १२ जानेवारी
जिजाऊंचे माहेर, सिंदखेडराजा

राजमाता जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी, पौष पौर्णिमेला, सिंदखेडराजा (जि. बुलढाणा) येथे झाल्याचे मानले जाते. वडील लखुजीराजे जाधव, आई म्हाळसाबाई. जिजाऊ जन्मल्या तो भुईकोट राजवाडा आधी एका कुटुंबाचे राहते घर होता, हे त्याच्या भव्य दरवाजासमोर उभे राहिले की विसरायला होते. आत गेल्यावर मात्र लक्षात येते की इथे मुले खेळली असतील, चुली पेटल्या असतील.

या घरावर मोठा आघात झाला तो २५ जुलै १६२९ रोजी. देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाहाच्या दरबारी लखुजीराजे आणि त्यांच्या मुलानातवांची दगाबाजीने हत्या झाली. गावातली त्यांची समाधी भव्य आहे. याच समाधीच्या जतनाचे काम करताना २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला जमिनीखाली आधी मंदिराचा भाग आणि मग शेषशायी विष्णूची सुंदर मूर्ती सापडली. डागडुजीला निघालेल्या हातांना असे काही मिळावे, याचा आनंद मोठाच!

अशा जुन्या वास्तूची दुरुस्ती चुन्यातच व्हावी. सिमेंट ओल आत कोंडते आणि दगड-विटा आतून खिळखिळ्या होतात. जुन्या वाड्यांच्या मालकांनीही हे ध्यानात घ्यायला हवे.

आज सिंदखेडराजात जन्मोत्सवाला मोठी गर्दी असते. वास्तू निवांत पाहायची तर दुसरा एखादा दिवस निवडावा. जालन्याहून मेहकरच्या रस्त्याने जाता येते. राजवाड्यासोबत मोती तलाव आणि पुतळा बारवही चुकवू नये.