जुन्या बाजारातून घरसजावट

मुंबईत मटन स्ट्रीटवरच्या एखाद्या दुकानाच्या दारात पितळेचे घंगाळ कुंडी म्हणून मांडलेले दिसते आणि त्याची किंमत ऐकून मराठी ग्राहक चमकतो. कारण अगदी तसेच घंगाळ त्याच्या स्वतःच्या घरातून, आईच्या किंवा आजीच्या काळात, मोडीच्या भावाने गेलेले असते. स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर रुळली तेव्हा कल्हई, चिंचेने घासणे आणि उचलताना भरणारे हात या साऱ्याला कंटाळून हंडे, तपेली, घंगाळे बाहेर पडली. ती सगळीच भट्टीत गेली नाहीत. काही जुन्या बाजारांत थांबली आणि आज ‘अँटिक’ म्हणून परत येत आहेत. त्यामुळे जुन्या वस्तूंनी घर स्वस्तात सजते, हा समज अर्धाच खरा आहे. वस्तू प्रवासाच्या कोणत्या टप्प्यावर आपल्या हाती लागते आणि ती कशाची आहे हे आपल्याला कळते की नाही, यावर सारा हिशेब अवलंबून असतो.

मुंबईत या व्यवहाराचे सर्वपरिचित ठिकाण म्हणजे भेंडीबाजारालगतचा चोरबाजार. ‘शोर बाजार’चा चोरबाजार झाला, अशी त्याच्या नावाची कथा सांगतात, तिच्यावर फार विसंबू नये. मटन स्ट्रीटवरील दुकाने शुक्रवारी बंद असतात, मात्र त्याच दिवशी पहाटेपासून रस्त्यावर पथारीचा बाजार भरतो. दुकानदारही तेथे खरेदीला येतात, हे लक्षात घेतले म्हणजे स्वस्त वस्तू कोठे मिळेल ते निराळे सांगावे लागत नाही. मोठ्या लाकडी सामानासाठी जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवरा परिसर आहे. तेथे जुने आणि ‘जुन्यासारखे’ शेजारी शेजारी ठेवलेले असते. पुण्यात मंगळवार पेठेतील जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जहाजांवरचे दिवे, गोल खिडक्या, मजबूत कपाटे यांची आवड असणाऱ्यांनी गुजरातमधील अलंगचा रस्ता धरावा. जहाजे तोडण्याच्या तेथील किनाऱ्याकडे जाताना दुतर्फा अशा सामानाची दुकानेच दुकाने आहेत.

लाकडाच्या बाबतीत जुन्या बाजाराला तोड नाही. आजच्या बाजारात त्याच पैशांत प्लायवूड आणि त्यावर चिकटवलेला पातळ पापुद्रा मिळतो. जुन्या बाजारात भरीव सागवान मिळू शकते. मुंबईच्या चाळी आणि पुण्या-नाशिकचे वाडे पडले, तसे त्यांचे दरवाजे, खांब, तुळया, कठडे येथे आले. पण नुसत्या रंगावरून सागवान ओळखू नये, कारण गडद पॉलिशखाली काहीही लपते. खण बाहेर काढावा आणि पाठीमागची, तळाची, पॉलिश न लागलेली बाजू पाहावी. सागाच्या रेषा सलग असतात आणि फळीच्या कडेवरही त्याच पुढे चाललेल्या दिसतात. पापुद्रा असेल तर त्या कडेशी तुटतात. सागवान किंचित तेलकट लागते आणि आतल्या बाजूस अंगठ्याने घासल्यास त्याचा ओळखीचा वास येतो. शिसव त्याहून जड आणि काळपट. सांधे खिळ्यांनी मारलेले आहेत की कुसू बसवून लाकडी खुंट्यांनी आवळलेले, हेही पाहावे. खुंट्यांचा पलंग सुटा करून जिन्यावरून नेता येतो, ही आजच्या सदनिकांसाठी फार मोठी सोय आहे.

सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा धरत नाही, पण बाहेरच्या पांढुरक्या कवच्या भागाला भुंगेरे लागतात. लाकडावर बारीक छिद्रे असली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ती जुनी असू शकतात. वस्तू कोरड्या कागदावर ठेवून जोरात ठोकावी. छिद्रांतून पिठासारखी ताजी भुकटी गळली, तर किडा आत जिवंत आहे आणि तो घरातल्या इतर सामानातही जाईल. वेताच्या विणीत आणि गाद्यांच्या शिवणीत ढेकूण शोधावेत. कापडी गादीचा जुना सोफा, सांगाडा कितीही सुंदर असला तरी, गादीसकट घरात आणू नये.

इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि संगमरवरी टेबले यांना सध्या विशेष मागणी आहे. ही हॉटेले एकामागून एक बंद झाली आणि त्यांचे सामान बाजारात आले. मध्य युरोपातून येणाऱ्या अशा खुर्च्यांच्या बैठकीखाली बऱ्याचदा कारखान्याचा शिक्का किंवा कागदी चिठ्ठी असते. शिक्का नसला तरी खुर्ची वाईट ठरत नाही. फक्त शिक्क्याचे पैसे देऊ नयेत.

तांब्या-पितळेसाठी दोन साधने खिशात असावीत: एक लोहचुंबक आणि एक छोटा वजनकाटा. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. त्या दिवशीचा मोडीचा भाव आधी विचारून घ्यावा आणि वस्तूच्या वजनाने गुणावा. येणाऱ्या रकमेच्या खाली विक्रेता जाणार नाही. तिच्या वर जे काही द्यायचे ते घडणीचे आणि वयाचे. समईच्या बुडात लाख किंवा वाळू भरून वजन वाढवलेले नाही ना, हे मात्र उलटी करून पाहावे. हिरवट गंज ही वयाची खूण मानू नये, तो रसायनाने काही दिवसांत आणता येतो. त्याउलट वापराची झीज सहज करता येत नाही: कडीची आतली बाजू, झाकणाची कड, जेथे हात पडतो ती जागा गुळगुळीत झालेली असते. पोचे आले असतील तर पुण्याच्या कसब्यातील तांबट आळी अजून आहे. ठोके देऊन भांड्याला चकाकी आणणारे मठारकाम तेथील कारागिरांची ओळख आहे.

खरी फसगत होते ती नावाजलेल्या वस्तूंत. पितळी कर्णा असलेले चकचकीत ग्रामोफोन बहुतांशी निरनिराळ्या यंत्रांचे आणि नव्याने केलेले भाग जोडून उभे केलेले असतात. लंबकाच्या घड्याळातही पेटी एकाची, तबकडी दुसऱ्याची आणि यंत्र तिसऱ्याचेच, असे घडते. मी स्वतः अशा एका घड्याळाच्या मोहात पडलो होतो. दुरुस्ती करणाऱ्याने मागचे झाकण उघडले आणि तो नुसता हसला. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्याची म्हणून विकली जाणारी असंख्य चित्रे कालपरवाची असतात. भिंग लावून पाहावे. जुन्या शिळाछापात ठिपके ओबडधोबड, हाताने टाकलेले दिसतात. आधुनिक छपाईत ते शिस्तीत, फुलांसारख्या रचनेत बसलेले असतात. अर्थात चौकट आवडली, तर नकलेची किंमत नकलेइतकी देऊन ती घेण्यात काहीच गैर नाही.

कायद्याचेही भान हवे. शंभर वर्षांहून जुन्या शिल्प-चित्रादी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. त्या व्यक्तिशः परदेशी नेता येत नाहीत आणि काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. परदेशस्थ नातेवाइकांसाठी खरेदी करणाऱ्यांनी हे विसरू नये. हस्तिदंताची नक्षी, वन्यप्राण्यांची शिंगे, पेंढा भरलेली मुंडकी यांना हातच लावू नये.

भाव करताना दुकानात एकाच वस्तूभोवती घिरट्या घालू नयेत, एवढे पथ्य पुरे. घरच्या दाराची, जिन्याच्या वळणाची आणि लिफ्टची मापे मात्र लिहून न्यावीत. वस्तू दारातून आत शिरली नाही, तर टेम्पोचे भाडे दोनदा पडते. जुन्या दिव्यांतील आणि झुंबरांतील वायरी न तपासता जोडू नयेत, त्या सरसकट बदलाव्यात. चिनी मातीच्या जुन्या बरण्या शोभेला ठेवाव्यात. लोणचे घालू नये, कारण जुन्या झिलईत शिसे असू शकते.

बाजाराच्याही आधीची एक जागा आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. पुनर्विकासासाठी चाळ किंवा वाडा रिकामा होतो, तेव्हा रहिवाशांच्या मनात नव्या जागेची मापे असतात आणि फडताळे, देवघरे, दारांच्या जोड्या, पितळी बिजागऱ्या पाडकामाच्या ठेकेदारावर सोडून दिल्या जातात. तोच ठेकेदार त्या ओशिवऱ्याला पोहोचवतो आणि सहा महिन्यांनी त्याच कुटुंबातली सून तसेच फडताळ दामदुप्पट देऊन घेते. घर सोडण्यापूर्वी माळा उतरवून एकदा पाहावा. दरवाजा नव्या घरात बसणार नसला, तरी चार पाय लावल्यास त्याचे जेवणाचे टेबल होते. सुताराची दोन दिवसांची मजुरी आणि वर एक काच, एवढाच खर्च. ते झेपणारे नसेल तर निदान नात्यात, शेजारी विचारावे, आणि मोडीत द्यायचेच ठरले तर घंगाळ आपल्यासमोर तोलून घ्यावे.